६ए की ४ए? मुलगा फुटबॉल खेळणार असेल तर

डॅलसच्या उत्तरेला घर बघणाऱ्या मराठी कुटुंबांचा हिशेब साधारण ठरलेला असतो: शाळेचं रेटिंग, प्रॉपर्टी टॅक्स, ऑफिसचं अंतर. घरात फुटबॉलवेडा मुलगा असेल (हेल्मेटवाला फुटबॉल, सॉकर नव्हे), तर त्यात आणखी एक रकाना घाला: शाळा यूआयएलच्या (टेक्सासच्या शालेय स्पर्धा चालवणाऱ्या संस्थेच्या) कुठल्या वर्गात येते? आमचा थोरला ६ए शाळेतून खेळला, धाकटा ४ए शाळेतून खेळतोय. दोन्हीकडच्या स्टँडमध्ये बसून जे पाहिलं ते सांगतो. आमच्या शाळांची नावं मात्र घेत नाही.

सर्वांत लहान शाळा १ए, सर्वांत मोठ्या ६ए, अशी ही उतरंड. ती पटसंख्येवर ठरते आणि दर दोन वर्षांनी नव्याने मांडली जाते. पण ६एला वरची मर्यादाच नाही, हे बरेच जण लक्षात घेत नाहीत. २०२४-२६ साठी ६एचा उंबरठा २२७५ विद्यार्थ्यांचा होता. म्हणजे तेवीसशेची शाळा आणि पाच हजारांच्या वर पट असलेलं ॲलन हायस्कूल एकाच पंगतीत. प्लेऑफला (सीझनअखेरच्या बाद फेऱ्यांना) डिस्ट्रिक्टमधल्या, म्हणजे आपसात खेळणाऱ्या शाळांच्या गटातल्या, पात्र चार शाळांपैकी पटाने मोठ्या दोन डिव्हिजन १ मध्ये आणि उरलेल्या दोन डिव्हिजन २ मध्ये जातात, तेवढाच काय तो दिलासा. तेव्हा शाळा ‘६ए आहे’ एवढ्यावर थांबू नका, पट विचारा.

मोठ्या शाळेचं सुख खोटं नाही. ॲलनचं स्टेडियम अठरा हजारांचं, खर्च सहा कोटी डॉलरच्या घरात. पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये गेलेला कायलर मरे तिथलाच. क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रं हलवणारा, पास फेकणारा) म्हणून सुरुवातीपासून उतरला त्या ४२ सामन्यांत एकदाही हरला नाही. मुलगा त्या तोडीचा असेल तर पुढे वाचायची गरज नाही, मोठीच शाळा घ्या. मुलगी बँडमध्ये असेल तरीही मोठीच घ्या. ट्रेनर, वजनांची खोली, प्रत्येक पोझिशनला वेगळा कोच, सगळं हाताशी असतं.

प्रश्न मधल्या मुलांचा आहे. आपली बरीचशी मुलं तिथेच मोडतात.

टेक्सासमध्ये शालेय फुटबॉल मुख्यत्वे कॉलेजच्या, म्हणजे एनसीएएच्या नियमांनी चालतो. खेळाडू बदलायला मर्यादा नाही. दोन डावांच्या (डाव म्हणजे चेंडू सुरू होऊन थांबेपर्यंतची एक चाल) मधे कितीही बदला, बाहेर गेलेला पुन्हा आत येऊ शकतो. आक्रमण करणाऱ्यांनी माणसं बदलली तर बचाव करणाऱ्यांनाही बदलायला वेळ द्यावा लागतो. कागदावर हे फार उदार वाटतं. एवढी मोकळीक आहे म्हटल्यावर सगळ्यांनाच खेळायला मिळणार असं आपण धरून चालतो. मोठ्या शाळेत होतं उलटं. बदलायला मोकळीक आणि शंभरावर मुलं हाताशी, त्यामुळे कोच एकेका कामाला एकेक मुलगा नेमतो, आणि नेमलेला मुलगा त्याच कामाचा होऊन बसतो.

थोरला झाला लाँग स्नॅपर. चौथ्या डाउनला (पुढे सरकायच्या चौथ्या, शेवटच्या प्रयत्नाला) पंट मारायचा, म्हणजे चेंडू लाथेने लांब उडवून समोरच्यांना द्यायचा ठरला की हा धावत आत जाणार, दोन पायांमधून चेंडू मागे सणसणीत फेकणार, पुढच्या माणसाला अडवणार आणि परत बाहेर. टचडाउननंतरच्या (चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन गुण मिळवल्यानंतरच्या) किकसाठी चेंडू मागे देणारा मुलगा वेगळा! आता बघा, आमचा संघ तगडा. पंटची पाळी यायची कधी? आपल्याच संघाचं घोडं अडलं तरच. टचडाउन झाला की सगळं स्टँड नाचतंय आणि ही टाळ्या वाजवता वाजवता माझ्याकडे बघतेय, की झालं, आता पुन्हा बसला. तिसऱ्या डाउनला पास हातातून सुटला की आम्ही दोघं नकळत सावरून बसायचो. शेजारच्या बूस्टर क्लबवाल्या (संघाला मदत करणाऱ्या पालकांच्या मंडळातल्या) काकूंनी एकदा ते पाहिलं आणि अगदी गोड हसल्या. मुलाची तक्रार नव्हती, त्याला जर्सी आणि मित्र पुरे होते. खटकायचं ते मला. शुक्रवारची अख्खी रात्र आपल्याच शाळेचं काहीतरी बिघडावं म्हणून वाट बघायची, हे काही मला जमलं नाही.

४एमध्ये नियम तोच, बदलायची मोकळीक तीच, पण बदलायला मुलं कुठून आणणार? धाकटा बचावात डिफेन्सिव्ह एंड आहे, गरज पडली की आक्रमणात टाइट एंड, किकऑफलाही असतोच. हेल्मेट निघालं म्हणून नियमाप्रमाणे एका डावापुरता बाहेर येतो तेवढीच त्याची विश्रांती. हाफटाइमला एक मुलगा खांद्याचे पॅड न काढता ट्रम्पेट घेऊन बँडमध्ये उभा राहतो. असं सहा हजार प्रेक्षकांत पाहायला मिळत नाही.

याची किंमतही आहे, ती लपवत नाही. ऑगस्टच्या उकाड्यात आक्रमण आणि बचाव अशा दोन्ही बाजूंनी खेळणाऱ्या पोरांच्या पोटऱ्यांत चौथ्या क्वार्टरला गोळे येतात. जास्त डाव म्हणजे जास्त धडका. सीझनमध्ये सरावातला पूर्ण धडकांचा वेळ आठवड्याला ९० मिनिटांच्या वर नेता येत नाही, पण हे बंधन दोन्हीकडे सारखंच आहे. सामन्यातल्या धडका कोण मोजतो? दोघं-तिघं जखमी झाले की संघाची रयाच जाते. बसचा प्रवासही लांबचा. ज्यांना हे फार वाटतं त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. आणि अगदी १एपर्यंत, म्हणजे सहा जणांच्या फुटबॉलपर्यंत, जा असंही माझं म्हणणं नाही. तो ८० यार्डांच्या मैदानावरचा वेगळाच खेळ आहे, ४५ गुणांची आघाडी झाली की उत्तरार्धात सामना थांबवतात. बघायला जरूर जा.

घर घेण्याआधी एकच करा: शाळेच्या आसपास गाडीने एक चक्कर मारा. शेतांत नव्या कॉलन्यांचे बोर्ड लागले असतील तर आजची ४ए पुढच्या फेरमांडणीत ५ए होऊ शकते. पट शाळा ऑक्टोबरअखेर कळवतात, नवे वर्ग फेब्रुवारीत जाहीर होतात, सम वर्षी. आमच्या इथेही क्रेन दिसायला लागल्या आहेत, पण धाकट्याची दोनच वर्षं उरली आहेत, तोवर निभेल.

आणि हा निर्णय नववीच्या आधी घ्या. नंतर शाळा बदलली तर जुन्या शाळेकडून फॉर्म भरून घ्यावा लागतो. बदल खेळासाठी केलाय असं ठरलं, तर नव्या शाळेत किमान एक वर्ष व्हर्सिटीत (शाळेच्या मुख्य संघात) उतरता येत नाही.