जपानी कोनबिनीतलं रोजचं खाणं: सहा महिन्यांच्या वापरानंतर

कोनबिनी म्हणजे जपानमधलं कोपऱ्यावरचं छोटं सोयीचं दुकान. तिथली पहिली फजिती ओनिगिरीवर होते. भाताची त्रिकोणी मूद आणि तिच्याभोवती नोरीचा, म्हणजे समुद्री शेवाळाचा, कागद. नोरी कुरकुरीत राहावी म्हणून भात आणि नोरीच्या मधे प्लास्टिकचा पापुद्रा घातलेला असतो. पाकिटावर 1, 2, 3 छापलेलं असतं ते यासाठीच. 1 ची पट्टी टोकापासून खाली ओढून मागच्या बाजूने पूर्ण वर आणायची, मग 2 आणि 3 चे कोपरे आळीपाळीने बाजूला ओढायचे. पट्टी मधेच तुटली की नोरी प्लास्टिकमध्ये अडकून फाटते आणि हातात नुसता भात राहतो. उरलेली ओनिगिरी फ्रिजमध्ये ठेवू नका, भात वातड होतो.

तारखेचे शब्द दोन आहेत. ‘शोहि किगेन’ लिहिलं असेल तर ती वेळ टळल्यावर खायचं नाही. ओनिगिरी आणि बेंतोवर (डब्यातलं तयार जेवण) तर तासही छापलेला असतो. ‘शोमि किगेन’ म्हणजे चव उत्तम राहण्याची मुदत. अंड्यांवर मात्र ती कच्चं खाण्याच्या हिशोबाने दिलेली असते. ती उलटली तर अंडं टाकून न देता नीट शिजवून खातात.

दुधाच्या खोक्याच्या माथ्यावर अर्धगोल खाच दिसली तर ते निव्वळ दूध, ‘ग्युन्यू’. दृष्टिहीनांना हाताने ओळखता यावं म्हणून ही खूण आहे, आणि उघडायची बाजू खाचेच्या बरोबर उलट. लो-फॅट दूध किंवा दुधाची पेयं यांना खाच नसते. चहा-दह्यासाठी खाच चाचपूनच उचला. ब्रेडवरचा आकडा मात्र उलटा चालतो: एका लोफचे काप किती, ते तो सांगतो. म्हणजे 8 वाला पातळ, 4 वाला दणकट जाड. तोक्योकडे 6 आणि 8 खपतात, ओसाकाकडे 4 आणि 5.

शाकाहाऱ्यांची खरी पंचाईत लेबलवर आहे. ॲलर्जीच्या यादीत काही घटक सक्तीचे: कोळंबी, खेकडा, अक्रोड, गहू, सोबा (कुट्टू), अंडं, दूध, शेंगदाणा वगैरे. कात्सुओ हा मासा त्यात येत नाही, आणि दाशी, म्हणजे जपानी स्वयंपाकातलं मूळ चवीचं पाणी, तर बहुतेक त्याचीच असते. त्यामुळे ॲलर्जीचा चौकोन पाहून निर्धास्त होऊ नका. ‘कात्सुओ’ आणि ‘एकिसु’ म्हणजे अर्क, हे शब्द घटकांच्या यादीत शोधा. उमेबोशीची (खारवलेल्या आंबट फळाची) ओनिगिरी, इनारी (तळलेल्या टोफूच्या पिशवीत भरलेला भात) आणि सॅलडचं ड्रेसिंग यांत ते अनेकदा सापडतात. कॉन्सोमे (मांसाचं सूप) चवीच्या चिप्समध्येही बहुधा मांसाची पूड असते. मिठाची साधी ओनिगिरी त्यातल्या त्यात बरी, पण तिचंही लेबल वाचायचंच.

बेंतोवर गरम करायच्या दोन वेळा असतात, 500 आणि 1500 वॉटच्या. 1500 ची दुकानातल्या ओव्हनसाठी. घरी तीच लावली तर मधला भात गार राहतो. साधारण तिप्पट वेळ द्या. सॉसची पुडी आधी काढून ठेवा, नाहीतर ती आत फुटते. कप याकिसोबाचा (कपातल्या झटपट नूडल्सचा) क्रम आणखी वेगळा: आधी गरम पाणी, मग झाकणाच्या भोकांतून ते ओतून टाकायचं, आणि सॉस त्यानंतर. आधी घातला तर सगळी चव मोरीत जाते.

तिथेच बसून खाणार असाल तर बिलाआधी सांगा: घरी नेलेल्या खाण्यावर कर 8 टक्के, दुकानात बसून खाल्लं तर 10.