पाचशे किलो कशाचे? पाईपच्या रॅकमधली फसवणूक

मोर्शी-वरूड पट्ट्यातल्या एका कृषी साहित्याच्या दुकानात मेच्या शेवटी पाईपचा नवा रॅक बसला आणि मृग लागायच्या आत त्याच्या मधल्या खांबाचे हात, म्हणजे माल पेलायला खांबातून पुढे आलेले लोखंडी दांडे, खाली झुकले. त्याखाली कोणी सापडलं नाही, एवढंच नशीब. पाच मिनिटं आधी हमालाचं पोरगं त्याच रॅकला टेकून डबा खात होतं.

विकणारा म्हणतो, माल जास्त भरला. दुकानदार म्हणतो, सांगितला तेवढाच भरला. कोटेशन पाहिलं तर दोघांचंही म्हणणं एकाच ओळीत बसतं: ‘६ मीटर पाईपसाठी हेवी ड्युटी कॅन्टिलिव्हर रॅक, ४ मजली, क्षमता ५०० किलो.’ पाचशे किलो कशाचे? एका हाताचे, एका मजल्याचे की अख्ख्या रॅकचे? ते कुठेच लिहिलेलं नाही, आणि ही चूक विसरून झालेली नाही. ‘हाताला पाचशे ना?’ असं दुकानदाराने विचारलं होतं. उत्तर मिळालं, ‘काहीच काळजी करू नका भाऊ, ट्रक चढवला तरी हलत नाही.’ यात ‘हो’ कुठेच नाही.

केसिंग पाईप, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप, कुंपणाचे अँगल, टिनाचे पत्रे असा लांबट माल ठेवायला हा कॅन्टिलिव्हर, म्हणजे एकाच बाजूने धरलेल्या हातांचा रॅक खरंच सोयीचा. मागे उभे खांब, त्यांना पुढे आलेले हात, खाली बेस आणि खांबांना एकमेकांशी बांधणाऱ्या आडव्या-तिरप्या पट्ट्या. पुढच्या बाजूला खांब नसल्यामुळे वीस फुटी पाईप सरळ समोरून उचलता येतो. पण सगळा भार एका बाजूने लटकलेला असतो, त्यामुळे साध्या कपाटी रॅकमध्ये खपून जाणारी काटकसर इथे खपत नाही. आणि पैसे खाणारा नेमकी न दिसणाऱ्या जागी काटकसर करतो.

आधी वजनाचा हिशोब पाहू. दोन इंची मध्यम जातीचा जीआय पाईप मीटरला साधारण ५.१ किलो भरतो, म्हणजे ६ मीटरचा एक नग ३०.६ किलो. दुकानदाराने दुसऱ्या मजल्यावर ३६ नग ठेवले, म्हणजे ११०० किलो. मजल्याला तीन हात. हाताला ५०० धरले तर १५०० किलोपर्यंत चाललं असतं. मजल्याला ५०० धरले तर दुपटीहून जास्त झालं. दुकानदाराने पहिला अर्थ घेतला. हात वाकल्यावर विकणाऱ्याने दुसरा सांगितला.

तरीही तिन्ही हात सारखे वाकले नाहीत, फक्त मधले वाकले. यामागे दुसरी लबाडी आहे आणि ती गिऱ्हाईकाला उलट आवडते. ‘पाईप वीस फुटी आहे, तर रॅकही वीस फुटी देतो’ असं सांगून तीन खांब तीन-तीन मीटरवर लावले होते. दिसायला रॅक भरगच्च वाटतो. पण पाईपची दोन्ही टोकं बरोबर बाहेरच्या हातांवर आली की मधल्या हातावर एकूण भाराचा पाच-अष्टमांश भाग येतो. ११०० किलोतले जवळपास ६९० किलो एकट्या मधल्या हातावर, आणि बाहेरच्या दोघांवर दोनशे-दोनशे. हाताला खरोखर पाचशे किलोची ताकद असती तरी तो झुकलाच असता.

६ मीटरच्या मालाला तीन खांब २ मीटर अंतरावर लावायचे आणि दोन्ही टोकं एकेक मीटर बाहेर राहू द्यायची. बाहेर राहणारी लांबी खांबांतल्या अंतराच्या निम्मी ठेवली की तिन्ही हात जवळपास सारखा भार घेतात. म्हणजे चांगला रॅक मालापेक्षा आखूड दिसतो. जो विकणारा हे आपणहून सांगतो, त्याला कामातलं कळतं असं समजायला हरकत नाही.

आता पत्र्याच्या जाडीचं. खांब १०० बाय ५० मिमी चौकोनी पाईपचे, जाडी ३ मिमी, असं तोंडी ठरलं होतं. माल उतरवताना विकणाऱ्याच्या माणसाने व्हर्नियर लावून जाडी दाखवलीही, पण लावली खालच्या बेसप्लेटला. ती ६ मिमीची होती. खांबाच्या डोक्यावर प्लास्टिकचं काळं बूच असतं. ते स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून आत कडेला व्हर्नियर लावला तेव्हा खरी जाडी २ मिमी निघाली. ताकद साधारण एक तृतीयांश कमी, आणि पातळ पत्रा हात जिथे खांबात अडकतो त्या खाचेपाशी आधी आत दबतो, मग फाटतो. या रॅकच्या मधल्या खांबाला तेच झालं होतं. खाचेच्या खालच्या ओठाला रंग सालपटासारखा उडालेला, आत उघडं लोखंड, आणि खाचेच्या कोपऱ्यातून निघालेली केसाएवढी चीर.

व्हर्नियर नसेल तर कापूस तोलायचा लटकता काटा कुठेही मिळतो. ३ मिमीचा हा चौकोनी पाईप मीटरला पावणेसात किलोच्या आसपास भरतो, २ मिमीचा साडेचारच्या आसपास. म्हणजे २.४ मीटरचा सुटा खांब बेस न लावता सोळा किलोच्या जवळ यायला हवा. खाचांचं थोडं वजा धरा. अकरा आला तर गाडी तशीच परत पाठवा. गेजमध्ये, म्हणजे पत्र्याच्या जाडीच्या नंबरात बोलणाऱ्याला मिमीत लिहायला लावा, कारण १० गेज सव्वातीन मिमी, १४ गेज दोन मिमी आणि १६ गेज जेमतेम १.६ मिमी. आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे न कळणारं गिऱ्हाईक ‘सोळा नंबरचा भारी माल’ ऐकून खूश होतं.

चौथी गोष्ट बेसची, आणि सगळ्यात धोक्याची हीच. हात ६०० मिमी लांब होते. माल नीट पसरून ठेवला तर त्याचा मध्य खांबापासून ३०० मिमी पुढे येतो. बेसचा पाय मात्र खांबाच्या पुढे २५० मिमीच होता. ‘मागे भिंत आहे ना, पाय लांब कशाला, अडखळायला होते’ असं कारण दिलं गेलं. भिंत मागे असते आणि रॅक पुढे पडतो. मालाचा मध्य पायाच्या पुढे गेला की सगळा रॅक फक्त मागच्या बोल्टांच्या भरवशावर उभा असतो. पाय निदान हाताएवढा लांब हवा. एका बाजूने माल ठेवायच्या रॅकला यात सूट नाही.

आणि ते बोल्ट कशात होते? शहाबादी फरशीत. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या दुकानांत काळ्या मातीवर मुरमाचा थर, त्यावर दोन-तीन इंच कच्चं काँक्रीट आणि वर फरशी असते. १०० मिमीचा अँकर बोल्ट ठोकला तर पहिला इंच फरशीत जातो, पुढचा तिच्याखालच्या मसाल्यात, आणि उरलेला ठिसूळ काँक्रीटमध्ये. नट आवळला की वर घट्ट लागतं, पण ती फरशीची पकड असते. या दुकानात पाना लावून थोडा जोर दिल्यावर बोल्ट जागच्या जागी फिरायला लागला आणि फरशीच्या भोकातून पिवळी भुकटी वर आली. त्यात काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जमीनच वर-खाली होत असेल तर मेमध्ये लेव्हलला असलेला खांब ऑगस्टमध्ये तसाच राहील कसा?

पक्कं काम असं. प्रत्येक खांबाखाली फरशी कापायची. ९०० बाय ४५० मिमी खड्डा घेऊन मऊ काळी माती निघेल तेवढी काढायची, खाली मुरूम टाकून कुटायचा, त्यावर ४०० मिमी जाडीचं एम २० प्रतीचं काँक्रीट भरायचं. एका खांबाला सिमेंटची सव्वा ते दीड गोणी लागते, तीन खांबांना चार धरा. १६ मिमीचे जे-बोल्ट (इंग्रजी ‘J’सारखे खाली वळलेले) ओल्या काँक्रीटमध्येच, बेसप्लेटच्या भोकांचा साचा लावून बसवायचे, कडेपासून किमान १०० मिमी आत. निदान सात दिवस पाणी मारायचं आणि पूर्ण माल २८ दिवसांनीच चढवायचा. ‘आज ठोकून देतो, संध्याकाळी माल भरा’ म्हणणारा तुमच्या हंगामाच्या घाईवर धंदा करतो. म्हणून रॅकचं काम फेब्रुवारी-मार्चमध्ये काढा. मेमध्ये काढलं की घासाघीस करायलाही वेळ उरत नाही.

तिरप्या पट्ट्या कमी देणं ही त्यातली सोपी लबाडी. खांबांमधल्या दोन्ही गाळ्यांत आडव्या पट्ट्या आणि निदान एका गाळ्यात फुलीसारख्या तिरप्या पट्ट्या पाहिजेतच. इथे फक्त दोन आडव्या होत्या. अरुंद गोदामात हमाल पाईप समोरून न काढता टोकाकडून ओढतात, तेव्हा रॅकला लांबीच्या दिशेने हिसका बसतो आणि तो झेलणारं दुसरं काहीच नसतं.

जुना रॅक रंगवून नवा म्हणून विकण्याचे प्रकारही वाढलेत. खाचेच्या आतल्या कडेवर रंगाखाली घासलेली चकाकी दिसते का पाहा. बोल्टाच्या आट्यांत रंग साचलाय का तेही पाहा. हाताच्या मुळाशी चुंबक मधेच ढिला धरत असेल, तर तिथे पोचा पुट्टी भरून झाकलाय. एकदा वाकलेला हात तापवून सरळ केला तरी तो पहिल्यासारखा राहत नाही. असे हात फेकूनच द्यायचे. आधीच झुकलेला रॅक रिकामा करताना वरचा मजला आधी खाली आणा, दोन्ही टोकांना माणसं उभी करा, समोर कोणालाही थांबू देऊ नका. हाताखाली बल्ली लावून ‘तात्पुरतं’ चालवायचा मोह टाळा.

रॅक चांगला असला तरी वापरात तोच रॅक वाया जातो. सळई, अँगल, जाड पाईप सगळ्यात खाली. खांद्याच्या वरच्या मजल्यावर फक्त पीव्हीसी. तीस किलोचा पाईप दोन माणसांनी डोक्यावरून ढकलायचा नसतो. माल खांबाला टेकवून मागे सारायचा, कारण हातावर पसरलेला भार टोकावर एकवटला की खांबावरचा ताण दुप्पट होतो. त्याच कारणाने हातावर पाय देऊन वर चढायचं नाही. आपले पोट्टे हे रोज करतात आणि सत्तर किलोचा माणूस नेमका टोकावरच पाय देतो. प्रत्येक हाताच्या टोकाला अडवणी हवी, नाहीतर गोल पाईप घरंगळतो. विदर्भाच्या उन्हात टिनाच्या छपराखाली पीव्हीसी नरम पडतो आणि दोन मीटरच्या अंतरात कायमचा झोल धरतो, म्हणून त्या मजल्यावर हातांवरून लांबीच्या दिशेने फळ्या टाकाव्यात आणि सॉकेटची, म्हणजे पाईपच्या फुगीर टोकाची तोंडं एकाआड एक उलट ठेवावीत.

महिन्यातून एकदा खांबाला ओळंबा लावा. दहा फुटांत अर्ध्या इंचाहून जास्त कल दिसला की माल उतरवायचा. पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच हे चुकवू नका.

पैसे देण्याआधी कोटेशनवर काय हवं? प्रत्येक हाताची क्षमता किलोत आणि ती पसरलेल्या भाराची असल्याचा उल्लेख, पूर्ण खांबाची क्षमता वेगळी, हाताची लांबी, खांबांतलं अंतर, खांब-हात-बेसची जाडी मिमीत, पट्ट्यांची संख्या, बोल्टचा व्यास आणि रॅकचं एकूण वजन. हेच बिलावरही उतरलं पाहिजे. इथल्या बिलावर ‘रॅक सेट, १ नग’ एवढंच होतं. निदान तीस टक्के रक्कम उभारणी तपासून झाल्यावर द्यायची ठेवा. या दुकानदाराने सगळी रक्कम गाडी उतरताच दिली होती, आणि त्यानंतर फोन उचलला जाईना.

फसवणूक झालीच तर रॅक लगेच हलवू नका. आधी जाडी मोजतानाचे, बोल्ट फिरतानाचे, खांबांतलं अंतर टेपने मोजतानाचे फोटो आणि व्हिडिओ काढा, मग लेखी नोटीस पाठवा. धंद्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहक कायद्यात बसत नाही असं विकणारा सांगतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला सूट आहे, त्यामुळे स्वतः गल्ल्यावर बसणारा दुकानदार जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतो. मुदत दोन वर्षांची आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर बोलून घ्या.

मोर्शीकडच्या त्या दुकानदाराला दोन महिन्यांच्या पत्रव्यवहारानंतर चार तिरप्या पट्ट्या आणि मधल्या खांबाचे नवे हात मिळाले, पैसे नाहीत. खांब अजून २ मिमीचेच आहेत. त्याने ते दोन-दोन मीटरवर आणून नव्या काँक्रीटवर बसवले, प्रत्येक बेसला पुढून लांब पाय जोडून घेतला आणि प्रत्येक हातावर लाल रंगात ‘१०० किलो’ लिहिलं. आता तिथे फक्त पीव्हीसी पाईप असतो, जीआय खाली लाकडी ओंडक्यांवर.