इंदूरला स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचाय? या काकांकडे जा, फक्त दुपारी जाऊ नका

रामबागेच्या बाजूला एक ऑनलाइनचं दुकान आहे, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, लाइट बिल, कॉलेजचे फॉर्म सगळं तिथेच. नाव मुद्दाम लिहीत नाहीये, जुलैत तशीच इतकी गर्दी असते की माझाच नंबर लागत नाही. आपल्या तिकडच्या लोकांना बरोबर कळेल, बाहेर लाकडी बाक आणि आत आरशाला सुतळीने बांधलेला कंगवा. पाचातले चार स्टार देतेय.

आधी मी भंवरकुआंला एका दुसऱ्याच दुकानात गेले होते, ते सांगते म्हणजे चार का ते कळेल. माझा मुलगा एमपी बोर्डाचा, बारावीला 81 टक्के आणि जेईई मेनची रँक दीड लाखाच्या आत, काठावरच पण आत. मध्य प्रदेश सरकारच्या मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेला एवढंच लागतं, एमपी बोर्डाला 70 टक्के, सीबीएसईवाल्यांना 85, घरचं वर्षाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत (आधी 6 होतं) आणि इंजिनीअरिंगला ही रँक. सरकारी कॉलेज मिळालं तर पूर्ण फी, प्रायव्हेट असेल तर दीड लाख किंवा खरी फी, जे कमी असेल ते. मी डबे करते, आमचे हे खजुरी बाजारात पुस्तकाच्या दुकानात, त्यामुळे 8 लाखांची काळजी आम्हाला नव्हतीच 😄

तर त्या दुकानातल्या पोराने दहा मिनिटांत फॉर्म भरून दिला, मला वाटलं वा काय फास्ट आहे. आम्ही पवार. मार्कशीटवर पवार, आधारवर पवार, पण समग्र आयडीत (एमपी सरकारचा कुटुंबाचा आणि माणसाचा नंबर) कोणीतरी कधीतरी पंवार करून ठेवलेलं, इकडे आपल्या आडनावांचं असंच होतं, काळेंचं काले होतं आणि पवारांचं पंवार. मी त्याला दोनदा दाखवलं, तो म्हणाला चलता है आंटी. नाही चाललं. महिन्याभराने कॉलेजमधून फॉर्म परत आला, आणि दुरुस्त करायला लॉगिन करायला गेलो तर ओटीपी येईना, का तर त्या पोराने मोबाइल नंबर स्वतःचाच टाकलेला! ओटीपी त्याच्या खिशात आणि आम्ही त्याच्या दारात.

मग शेजारच्या वहिनींनी या काकांकडे पाठवलं. काकांनी कॉम्प्युटरला हातच लावला नाही आधी. सगळे कागद काउंटरवर ओळीने मांडायला लावले, दहावी, बारावी, आधार, समग्र, मूल निवासी म्हणजे रहिवासी दाखला, आय प्रमाण पत्र म्हणजे उत्पन्नाचा दाखला, जेईईचं स्कोअर कार्ड, अ‍ॅडमिशनचा कागद, आणि पट्टी ठेवून एकेका कागदावरचं नाव अक्षर अक्षर मोठ्याने वाचलं, पी ए डब्ल्यू ए आर. समग्रवर आल्यावर थांबले. "वहिनी, हा एक एन आहे ना, हा तुमची दीड लाखाची फी अडवून बसलाय. आधी नगर निगमच्या झोन ऑफिसात जाऊन हे नीट करून आणा, तोवर मी फॉर्म भरणार नाही." तेव्हा राग आला होता, खोटं कशाला बोलू, दोन दिवस डबे सोडून झोनच्या फेऱ्या मारल्या.

दुसरी गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती. खात्याला आधार लिंक आहे आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला, आधार सीड आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत! मुलाचं खातं बँकेत लिंक होतं, मेसेजसुद्धा आलेला, पण काकांनी आधारच्या साइटवर सीडिंग स्टेटस उघडून दाखवलं तर तिथे भलतीच बँक, नवं सिम घेताना अंगठा लावून उघडलेलं कुठलं तरी खातं जे आम्ही विसरूनही गेलो होतो. आधारवर येणारे पैसे सीड असलेल्या खात्यातच जातात म्हणे, फॉर्मात तुम्ही काहीही लिहा. बँकेत जाऊन फॉर्म दिला, बदललं.

आणि हावरट नाहीयेत काका. माझ्या जावेची मुलगी सरकारी कॉलेजात बीएस्सीला, तिला दोन्हीकडे अर्ज करायचा होता, मेधावी पण आणि नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवरची केंद्राची पण. दुसऱ्याने दोन फॉर्मचे पैसे घेतले असते. काका म्हणाले केंद्राची घेतली तर राज्याची घेता येत नाही, एकच काय ते ठरव. केंद्राची पदवीला वर्षाला 12,000 देते, उत्पन्न साडेचार लाखांच्या आत हवं आणि बोर्डात 80 पर्सेंटाइलच्या वर, टक्के नाही हं, पर्सेंटाइल, म्हणजे बोर्डातल्या वरच्या वीस टक्के मुलांत. तिची फीच 12,000 पेक्षा कमी, म्हणून तिने केंद्राची भरली. माझ्या मुलाला उलट, मेधावीच.

आता एक स्टार का कापला. दुपारी दोन ते साडेचार शटर खाली, तसा बोर्ड नाही, तुम्ही उन्हात बाकावर बसा. आवाज चढा आहे, मुलं घाबरतात. पावती मागितली की देतात, मागितली नाही तर नाही. कॉलेजचं त्यांच्या हातात काही नसतं हेही लक्षात ठेवा, आमच्या कॉलेजने स्कॉलरशिप येईपर्यंत फी भरा नंतर परत करू म्हटलं, तेव्हा काकांनी एवढंच सांगितलं की ते लेखी घ्या. पहिला हप्ता आम्ही भिशीतून भरला.

पण खरा स्टार त्या वहीचा कापलाय. मोबाइल नंबर, ईमेल तुमचाच टाकतात हे चांगलं, पण सगळ्यांचे पासवर्ड एका लांब वहीत लिहितात आणि ती वही काउंटरवर उघडी, मी उभ्या उभ्या तीन जणांचे वाचले. यंदा रिन्यूअलला गेले तेव्हा म्हटलं काका ही आत ठेवा हो. ठेवली, ड्रॉवरला कुलूपपण लावलं, आणि मग अर्धा तास आम्ही सगळे मिळून किल्ली शोधत होतो.