ओव्हलसाठी ब्रशलेस मोटर: २१.५, १७.५ की १३.५?

रिमोटच्या गाड्यांच्या ओव्हल, म्हणजे लंबगोल ट्रॅकवरच्या, शर्यतीत नव्याने उतरणारा बहुतेक वेळा विचारतो, "सगळ्यात जोरदार मोटर कुठली?" ओव्हलपुरता तरी हा प्रश्न उलट्या टोकाने सुरू होतो. इथे रिमोटची गाडी फक्त डावीकडे वळते, ब्रेक जवळपास लागत नाही आणि चार-पाच मिनिटांच्या शर्यतीत थ्रॉटलवरचं बोट क्वचितच पूर्ण सुटतं. सरळ पट्टा दोन-तीन सेकंदांत संपतो. लॅपचा वेळ ठरतो तो वळणात गाडीने किती वेग टिकवला यावर. त्यामुळे वळणातून बाहेर पडताना मागची चाकं न घसरवता ओढणारी आणि शेवटच्या मिनिटालाही पहिल्या मिनिटासारखीच चालणारी मोटर हवी.

माझं मत आधीच सांगतो. तुमच्या ट्रॅकवर क्लासचं (शर्यतीच्या गटाचं) बंधन नसेल तर १७.५ टर्नची (टर्न म्हणजे आतल्या तारेचे वेढे), सेन्सर असलेली आणि टायमिंग (फिरत्या चुंबकाच्या किती अंश आधी वेढ्यांत वीज सोडायची ते) हलवता येणारी मोटर घ्या. हे सगळ्यांना लागू पडत नाही, म्हणून कोणाला काय आणि का, ते पाहू.

दोन गोष्टी झटपट निकालात

ब्रश की ब्रशलेस, हा वाद आता उरलेला नाही. ब्रशवाल्या मोटरीचा कॉम्युटेटर (ज्यावर ब्रश घासतात तो फिरता भाग) लेथवर साफ करा, ब्रश बदला, स्प्रिंग बदलून पाहा, हे सगळं दर काही रनमागे करावं लागायचं, आणि ज्याच्याकडे चांगला लेथ त्याची मोटर पुढे. ब्रशलेसमध्ये झिजणारा भाग म्हणजे बेअरिंग. त्यांना अधूनमधून तेलाचा थेंब दिला की झालं. जुन्या २७ टर्नच्या स्टॉक ब्रश मोटरीच्या जागी ढोबळमानाने १७.५ आली आणि १९ टर्नच्या जागी १३.५, एवढं लक्षात ठेवलं की जुन्या मंडळींचं बोलणं समजतं.

दुसरं, सेन्सर हवा की नको. सेन्सर नसलेल्या मोटरीत रोटर (आतला फिरता चुंबक) कुठे आहे हे ईएससीला (मोटरीला वीज पुरवणाऱ्या वेग-नियंत्रकाला) फिरणाऱ्या मोटरीतून उलट येणाऱ्या व्होल्टेजवरून ओळखावं लागतं, आणि मोटर थांबलेली असली की ते व्होल्टेज नसतंच. म्हणून सुटताना गाडी अडखळते. ओव्हलवर थांबायचंच कुठे आहे, असं काहीजण म्हणतात. पण धडक बसून गाडी आडवी झाली, मार्शलने सरळ करून ठेवली, की पुन्हा सुटताना तोच अडखळा महागात पडतो. त्याहून मोठं कारण नियमांचं आहे. सेन्सर असला की टायमिंग मोटरीच्या मागच्या झाकणावर ठरतं आणि डोळ्यांनी तपासता येतं. स्टॉक क्लासचा, म्हणजे मोटरीवर मर्यादा असलेल्या गटांचा, सगळा डोलारा त्यावर उभा आहे. तेव्हा सेन्सरवालीच घ्या.

टर्नच्या आकड्यांत काय दडलंय

टर्न म्हणजे स्टेटरच्या (मोटरीच्या स्थिर भागाच्या) दातांभोवती तारेचे वेढे. वेढे कमी, तर केव्ही जास्त, म्हणजे एका व्होल्टमागे मिनिटाला जास्त फेरे. पण जितके फेरे वाढतात तितका दर अँपिअरमागचा टॉर्क घटतो. हे समोरासमोर ठेवून पाहा. आकडे साधारण आहेत, कंपनी आणि टायमिंगनुसार पुढे-मागे होतात.

| | २१.५ | १७.५ | १३.५ |
|---|---|---|---|
| केव्ही | १,८५० | २,३०० | ३,००० |
| ७.४ व्होल्टवर भाराविना फेरे (मिनिटाला) | १३,७०० | १७,००० | २२,२०० |
| एका अँपिअरमागे टॉर्क (मिलिन्यूटन-मीटर) | ५.२ | ४.२ | ३.२ |

तिघींचा डबा एकच, ५४० आकाराचा, ३६ मिलिमीटर व्यासाचा. स्क्रूची जागा तीच, शाफ्टही तोच ३.१७ मिलिमीटरचा. आज २१.५ घेतली आणि पुढच्या हंगामात १७.५ लावायची ठरली तर गाडीत काहीच बदलावं लागत नाही, फक्त गिअर. त्यामुळे पहिली निवड म्हणजे जन्माची गाठ नव्हे.

२१.५ ही छोट्या, सपाट ओव्हलवर आणि नवशिक्यांच्या क्लासमध्ये शोभते. वळणात एकदा वेग सांडला की तो परत मिळवायला तिला वेळ लागतो, म्हणून ती चालवणाऱ्याला रेषा धरायला भाग पाडते: आत कधी शिरायचं, बाहेर किती जाऊ द्यायचं, थ्रॉटल किती कमी सोडायचा. अशा क्लासमध्ये पुष्कळदा टायमिंग पक्कं बसवलेली मोटरच चालते, हाही तिचा फायदा. सगळ्यांकडे जवळपास सारखीच मोटर असते आणि फरक हातांचा उरतो. फक्त एक गैरसमज दूर करायला हवा. हळू मोटर तापत नाही, असं नाही. लोक तिला वेग यावा म्हणून एवढा उंच गिअर लावतात की २१.५ सुद्धा हात लावू देत नाही इतकी गरम निघते.

१७.५ मला ओव्हलसाठी सगळ्यात समतोल वाटते. सरळ पट्ट्यावर वेग जाणवतो, शर्यत खरी वाटते, तरीही पूर्ण थ्रॉटल दाबून वळणातून बाहेर पडता येतं इतकी ती आवाक्यात राहते. बहुतेक ठिकाणी सगळ्यात जास्त गाड्याही याच क्लासमध्ये असतात, आणि शिकायचं असेल तर गर्दीसारखी शाळा नाही. अडचण इथे स्पर्धेची आहे. वरच्या फळीतले लोक प्रत्येक मोटर अ‍ॅनालायझरवर (केव्ही, करंट मोजणाऱ्या यंत्रावर) लावून पाहतात, रोटर बदलून पाहतात, मिनिटाला शंभर-दोनशे जास्त फेऱ्यांसाठी टायमिंगचा अर्धा-एक अंश सरकवतात. नव्या माणसाने पहिल्या हंगामात त्यात पडू नये. त्या अर्ध्या अंशाने जेवढा वेळ वाचतो, त्याच्या कित्येक पट वेळ एका भिंत घासण्यात जातो.

१३.५ घेण्याआधी गाडी तयार आहे का, हे स्वतःला विचारा. वळणातून बाहेर पडताना उजवं मागचं चाक घसरायला लागलं की ही मोटर ते लपवत नाही, वाढवून दाखवते. फोमचे टायर भराभर झिजतात. मोठा किंवा बँकिंग (वळणावर आतल्या बाजूला उतार) असलेला ट्रॅक असेल, गाडीचा सेटअप स्थिर असेल आणि १७.५ वर तुम्ही एकसारखे लॅप काढत असाल, तर १३.५ ची मजा वेगळीच आहे. छोट्या कार्पेट ओव्हलवर मात्र १३.५ वाला एखादा जलद लॅप काढतो आणि १७.५ वाला पाच मिनिटांत जास्त लॅप काढतो, हे दृश्य नेहमीचं आहे.

मॉडिफाइड, म्हणजे पाच-सहा टर्नच्या, ६,००० केव्हीच्या आसपासच्या मोटरी या तुलनेत धरतच नाही. ज्याला त्या हव्यात त्याला हा लेख लागत नाही.

एक सेल की दोन

इथे नुसता टर्नचा आकडा फसवतो. कोणी "आमच्याकडे १३.५ चालते" म्हणालं की आधी विचारा, किती सेलवर? एका लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी सेलच्या ३.७ व्होल्टवर १३.५ मोटर भाराविना ११,१०० फेरे घेते. दोन सेलवरची १७.५ घेते १७,०००. म्हणजे कागदावर गरम वाटणारा क्लास प्रत्यक्षात सौम्य असू शकतो. झटपट अंदाज हवा असेल तर व्होल्टला टर्नने भागा: पहिल्याचं उत्तर ०.२७, दुसऱ्याचं ०.४२. जितकं मोठं उत्तर, तितकी ताकद जास्त.

एका सेलचा मोठा फायदा वजनात आहे. पॅन कार (सपाट पाटीवर बांधलेली ओव्हलची गाडी) हलकी राहते, वळणात वेग टिकवते, टायर वाचतात. पण रिसीव्हर आणि सर्व्होला ३.७ व्होल्ट पुरत नाहीत, त्यामुळे आत बूस्टर असलेला ईएससी किंवा वेगळा बूस्टर लागतो. साधा दोन सेलचा ईएससी घेतला आणि नंतर कळलं की ट्रॅकवर एका सेलचा क्लास आहे, तर तो कपाटात पडून राहतो. मोटरीआधी हे विचारून घ्या.

ब्लिंकी की बूस्ट

ईएससी स्वतःहून टायमिंग वाढवत नसेल, तर त्याचा दिवा ठरावीक तऱ्हेने लुकलुकतो. त्यावरून ब्लिंकी क्लास. अधिकारी दिव्याकडे पाहून खात्री करू शकतो, एवढं ते सोपं. बूस्ट म्हणजे फेरे वाढतील तसं ईएससीने टायमिंग चढवत नेणं, आणि टर्बो म्हणजे पूर्ण थ्रॉटलवर आणखी भर घालणं. बूस्ट लावलेली १७.५ ही ब्लिंकी १३.५ ला गाठू शकते, आणि चुकीच्या आकड्यांनी एका रनमध्ये जळूही शकते.

सुरुवातीला ब्लिंकीच. कारण त्यात काहीही बदललं तरी परिणाम कशाचा, हे ओळखू येतं. मागच्या झाकणावरचं टायमिंग पुढे सरकवलं की फेरे वाढतात, खालचा जोर घटतो, करंट आणि तापमान चढतं. एका वेळी एकच गोष्ट हलवा: टायमिंग वाढवलंत तर त्या रनला गिअर तोच ठेवा.

मोटरीपेक्षा मोठा खेळ: रोलआउट

पॅन कारमध्ये मधला गिअरबॉक्स नसतो. पिनियन (मोटरीवरचा छोटा गिअर) सरळ स्परला (मोठ्या गिअरला) आणि स्पर मागच्या आसाला. त्यामुळे मोटरच्या एका फेऱ्यात गाडी किती पुढे सरकते, हा आकडा, म्हणजे रोलआउट, सगळ्यात कामाचा. टायरचा परीघ गुणिले पिनियनचे दात, भागिले स्परचे दात.

उदाहरण घ्या. टायर ६३ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे परीघ १९८. पिनियनला ३० दात, स्परला ७२. रोलआउट आलं ८२.५ मिलिमीटर. आता दोन-चार रन झाले, फोम झिजून टायर ६१ वर आला. परीघ साधारण १९१.६ आणि रोलआउट ७९.८. पिनियनला ३१ दात लावा, आकडा परत बरोबर ८२.५. दोन मिलिमीटर फोम म्हणजे एक दात. हे ज्याला माहीत नाही तो म्हणतो, "मोटर थकली," आणि नवी घ्यायला निघतो. मोटर होती तशीच असते, टायर लहान झालेला असतो. डब्यात व्हर्निअर कॅलिपर आणि ओळीने चार-पाच पिनियन असणं हे महागड्या मोटरीपेक्षा जास्त उपयोगाचं आहे. ओव्हलवर उजवा मागचा टायर मुद्दाम थोडा मोठा ठेवतात, तेव्हा मोजताना दर वेळी एकाच बाजूचा मोजा.

रन संपल्या संपल्या तापमान मापक मोटरीवर धरा. ७० अंशांच्या आसपास थांबलं तर ठीक. त्याच्या बरंच वर जात असेल तर एक दात कमी करा किंवा टायमिंग मागे घ्या. ओव्हलवर मोटरला उसंत मिळत नाही आणि बॉडी हवा कापण्यासाठी जवळजवळ बंद असते, म्हणून रस्त्याच्या ट्रॅकवर चाललेला गिअर इथे तसाच उचलून लावू नये.

घेताना

केव्हीचा आकडा ठळक छापलेल्या, ३६५० लिहिलेल्या स्वस्त मोटरी सगळीकडे दिसतात. ३६ मिलिमीटर व्यास, ५० लांबी, एवढाच त्याचा अर्थ. बहुतेक चार पोलच्या (रोटरच्या चुंबकाला चार ध्रुव असलेल्या) आणि बिनसेन्सरच्या असतात. मोकळ्या मैदानात छान पळतात, पण स्टॉक क्लासला दोन पोलचा रोटर, सेन्सर आणि टर्नची मोजणी लागते. अमेरिकेतल्या रोअरसारख्या संस्था मान्य मोटरींची यादीच ठेवतात. तुमचा ट्रॅक त्या यादीने चालत असेल तर यादीत नाव पाहूनच पैसे मोजा.

जोडताना ए, बी, सी या तारा ईएससीच्या त्याच अक्षरांना. बिनसेन्सरच्या मोटरीत दोन तारा उलट केल्या की दिशा बदलते, सेन्सरवालीत तसं करू नये. गाडी झटके देते आणि ईएससी जळू शकतो. धावताना मध्येच तुटक चालायला लागली तर आधी सहा पिनांची सेन्सर केबल बदलून पाहा. ते सगळ्यात नाजूक टोक आहे.

वापरलेली १७.५ घ्यायला माझी हरकत नाही, पण रोटर तपासा. अति तापलेल्या रोटरचं चुंबकत्व कायमचं घटतं. गंमत अशी की चुंबक कमजोर झाला की केव्ही वाढतो, म्हणून अ‍ॅनालायझरवर अशी मोटर नव्यापेक्षा जलद दिसते आणि विकणारा तोच आकडा दाखवतो. ट्रॅकवर तिला जोर नसतो, आणि जोर नाही म्हणून ती आणखी करंट खाते, आणखी तापते. दोन्ही मोटरींचं टायमिंग सारखं ठेवून केव्ही आणि करंट त्याच बनावटीच्या चांगल्या मोटरीशी ताडून पाहा. दोन्ही आकडे ठळकपणे जास्त आले तर रोटर बदलायचा खर्च किमतीतून वजा करून मगच सौदा करा.