बोटातलं जपाचं मशीन : तीन स्टार, ते पण मायमुळं

आधी वस्तूचं सांगतो. ऑनलाइन मागवलेलं डिजिटल जप काउंटर, अंगठीसारखं बोटात अडकवायचं, शंभराच्या आत येतं, कंपनीबिंपनीचं नाव काही नाही. वर मोठं बटण, ते दाबलं की आकडा एकानं वाढतो, बाजूला बारकं बटण ते रिसेटचं, आत घड्याळात घालतात तसला बटण सेल. पाच आकडी डिस्प्ले आहे म्हणजे ९९,९९९ पर्यंत जातं. पट्टा रबरी, पण शेतकऱ्याच्या बोटाला शेवटच्या भोकापर्यंत न्यावा लागतो हे ध्यानात ठेवा. अंधारात हिरवा लाइट लागतो.

चांगलं काय, तर मोजणी चुकत नाही. माळ म्हणली की १०८ मणी, मेरुमणी ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची, तर्जनी लावायची नाही, आन् एवढं सांभाळून परत किती माळा झाल्या ते वेगळं लक्षात ठेवायचं, आमची आजी त्यासाठी वाटीत ज्वारीचे दाणे टाकायची. मशीनला ही भानगड नाही. मोटरची लाइट येईपर्यंत बांधावर बसा, एसटीत बसा, बँकेच्या रांगेत उभं राहा, कुठंही चालतंय. ज्यांनी संकल्प सोडलाय, अमुक लाख करायचेत, त्यांनी खुशाल घ्या. मोजून नाम घेणं काही आजचं खूळ नाही. जालन्याकडच्या जांबचे समर्थ रामदास, त्यांनी नाशिकजवळच्या टाकळीला बारा वर्षांत तेरा कोटी रामनाम केलं असं सांगतात, मी एकदा मोबाइलवर भागाकार करून बघितला तर रोजचं जवळपास तीस हजार यायलं! आन् हातात मशीन नव्हतं.

खराब काय, तर ते रिसेटचं बटण. इतकं वर आलंय की खिशात हात घातला तरी दाबलं जातं आन् आकडा शून्य. दुसरं म्हणजे आवाज. टक, टक, टक. दिवसा कळत नाही, रात्री कळतं.

आता हे बोटात घातलं कशाला ते सांगावं लागंल, नाहीतर स्टार कमी का दिले ते कळणार नाही. २०२५ च्या सप्टेंबरात सीना कशी फुगली ते परांडा-भूमकडच्या लोकांना मी काय सांगू. सोयाबीन काढणीला आलेलं. पाणी दोन-तीनदा आलं आन् जाताना पिकासंगट मातीच घेऊन गेलं, खाली मुरूम उघडा पडला. ऐन नवरात्र, घरात घट बसलेला, घटाची माती दरसालसारखी वावरातूनच आणलेली, पाण्याच्या आधी. म्हणजे आमच्या नदीकडच्या तुकड्याची काळी माती तेवढ्या पत्रावळीत शिल्लक होती म्हणलं तरी चालतंय, आन् त्यात धान बोटभर तरारून आलं होतं, आन् उरलेल्या वावरात सोयाबीनला शेंगातच कोंब फुटून वास सुटलेला. माय रोज सकाळी घटाला माळ घालायची, पाणी शिंपडायची, आन् मग पायात काहीतरी अडकवून चिखलात वावर बघायला जायची. मला तर घटाकडं बघवत नव्हतं, खरं सांगतो.

त्या सालचा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये कागदावर, भिजलेल्या मालाला दारात कोण उभं करतंय. पंचनामा, फोटो, केवायसी, ओटीपी येईना. त्यातच दादांच्या छातीत दुखायलं, सोलापूरला न्यावं लागलं, दोन स्टेंट टाकले. कुठलीच गोष्ट हातात राहिली नाही असं झालं की माणूस काहीतरी मोजायला लागतो, मला तर असंच वाटतं. कुणी पैसे मोजतं, कुणी सलाइनचे थेंब. मी हे मशीन मागवलेलंच होतं, ते काढलं.

रात्री आयसीयूच्या बाहेर फरशीवर बसून लई दाबलं. हिरवा लाइट, आकडा वर चाललाय, वाटायचं काहीतरी काम व्हायलंय, आकडा वाढंल तसं दादांचं बीपी खाली येतंय. शेजारी अंथरूण टाकलेला एक माणूस म्हणला, भाऊ तेवढं टकटक बंद करता का, जरा डोळा लागलाय. म्हणून घाईनं खिशात टाकलं, आन् थोड्या वेळानं बाहेर काढून बघतो तर शून्य. रिसेट दाबलं गेलं. मला तिथं घामच फुटला. म्हणलं संपलं आता, सगळा जप वाया.

माय बाजूला बसून दादांच्या बंडीला गुंडी लावायली होती, ओठ हलायलेच होते तिचे, ते कायमच हलत असतात. तिला सांगितलं. ती म्हणली, "आरं, उधारीचं खातं काढलंय का देवाकडं? गेला आकडा तर जाऊ दे की. त्याला काय मोजून घ्यायचंय व्हय तुझ्याकडून?" आन् लगेच, "सकाळच्या गोळ्यांची चिठ्ठी दिली का मेडिकलात?" दिली नव्हती. गेलो.

या मशीनबद्दल माझी खरी तक्रार ही आहे. बटण, पट्टा सोडा, शंभरात तेवढं चालतं. पण ज्याचं चित्त थाऱ्यावर नाही त्याच्या हातात हे दिलं की नामाचा हिशोब होतो, मी इतकं दिलं आता तू इतकं दे. बाकीच्यांचे रिव्ह्यू वाचा म्हणजे कळंल, इतके लाख झाले आन् नोकरी लागली, इतके झाले आन् सोयरीक जुळली, पाच स्टार. बरं ज्याची सोयरीक नाही जुळली त्यानं काय करायचं, मशीन रिटर्न का देव रिटर्न?

आपल्याकडचे संत तरी असलं काही कबूल करत नाहीत. तेर आमच्याच जिल्ह्यात. गोरोबाकाकांची गोष्ट बारक्या पोराला पण माहीत आहे, माती तुडवताना तोंडात विठ्ठलच होता, आन् त्याच चिखलात स्वतःचं लेकरू पायाखाली आलं. पुढं देवानं लेकरू परत दिलं असं सांगतात ते खरं, पण गोष्ट ऐकताना आधीचंच अंगावर येतं. नाम घेतलं म्हणून काही वाईट होणार नाही असं सांगणारी ही गोष्ट नाहीच. तरी तेरला अजून लोक जातात, आमची माय पण जाती.

मग देवावर भार टाकून झालं काय, असं कुणी विचारंल. माती परत आली नाही. दादा घरी आले, पण ते डॉक्टरनं केलं म्हणायचं का देवानं, यावर घरात एकमत नाही, दादा स्वतः डॉक्टर म्हणतात. माझ्यापुरतं सांगायचं तर सोलापुरात असतानाच एका सावकाराकडं जमिनीचा कागद करून द्यायचं मी जवळजवळ ठरवलं होतं, महिन्याला पाच टक्क्यानं. माय म्हणली, चार दिस थांब, देव बघतोय. थांबलो. नंतर मामानं थोडे दिले, थोडे सोसायटीतून निघाले, रडतखडत झालं. तेवढी दमधीर माझ्यात आली नसती, तिच्याकडनं उसनी घेतली. बटण दाबून आली नाही हे नक्की.

असो. मशीन नंतर टीव्हीच्या कपाटावर पडून होतं. उन्हाळ्यात वावरात गाळ टाकायचं काम काढलं, तळ्यातला गाळ, ट्रॉलीवर पैसे, आन् पहिल्याच दिवशी ट्रॅक्टरवाल्याची मोजणी एक आन् आमची एक. दुसऱ्या दिवशी माय बांधावर लिंबाखाली बसली, बोटात हे मशीन, ट्रॉली रिकामी झाली की टक. ओठ हलायलेच. संध्याकाळी ट्रॅक्टरवाला गुपचूप तिचा आकडा मान्य करून गेला. तीन स्टार त्याचे.

घ्यायचंच असंल तर रिसेटचं बटण आत दबलेलं, काडीनं दाबावं लागंल असलं मॉडेल बघून घ्या, दहा-वीस रुपये जास्त जातील. सेल काढला की आकडा जातोय, वहीत लिहून ठेवा. आन् दवाखान्यात नेऊ नका, लोक झोपलेले असतात.