ट्रान्समिशन ऑइल बदलून ४२२ तास: ब्रेक गप्प झाले, तोटीवरचा राग गेला नाही

नोव्हेंबरात ट्रॅक्टरचा तासांचा मीटर १,६४० वर होता तेव्हा तेल बदललं, आज २,०६२ आहे. मधल्या काळात उसाची वाहतूक झाली, शेणखत ओढलं, रोटर (माती भुसभुशीत करायचं अवजार) मारला, सऱ्या सोडल्या. त्यामुळे आता बोलायला हरकत नाही.

ट्रॅक्टर ४५ एचपीचा, ऑइल ब्रेकचा. गिअर, मागचं अवजार उचलणारी लिफ्ट आणि ब्रेक तिघांना मिळून एकच टाकी, ४५ लिटरची. गेल्या उन्हाळ्यापासून ब्रेक दाबला की असा कोकलायचा की घरात मंडळी वळणावरचा आवाज ऐकून चहा टाकायची. आधी हसलो. मग दोन ट्रॉल्या उसाच्या घेऊन ओढ्याचा उतार उतरताना पाय ठेवला, तर आवाजासोबत पेडलही थरथरायला लागलं. हसणं तिथंच थांबलं.

शोरूमच्या वर्कशॉपला नेला. मिस्त्रींनी गाडीवर न बसताच निदान केलं, "मालक, प्लेटा गेल्यात." खर्च साडेसव्वीस हजार, गाडी चार दिवस सोडा. हंगाम तोंडावर आलेला आणि हे चार दिवस सोडा म्हणतात. मी विचारलं, तेल कोणतं आहे ते तरी बघा. "तेलाचा काय संबंध?" वॉरंटी संपलेली असल्यामुळे आमचा आवाजही त्यांना कमीच ऐकू येतो. गाडी परत आणली.

संबंध होता, आणि चूक माझीच होती. हजार तास झाले तेव्हा तेल बदललं, त्या वेळी दुकानात दोन बादल्या होत्या. एक ५,२०० ची, एक २,७०० ची. स्वस्तवाली ९० नंबरच्या गिअर ऑइलची, तिच्यावर मोठ्या अक्षरात 'सर्व ट्रॅक्टरसाठी योग्य' असं छापलेलं आणि ट्रॅक्टरचं चित्र. अण्णा सोबत होते. त्यांच्या जुन्या ३५ एचपीच्या गाडीत त्यांनी जन्मभर ९० नंबरचं गिअर ऑइल घातलं आणि ती गाडी अजून खळ्यावर चालते. ते म्हणाले, तेल ते तेल. मीही मान हलवली, कारण ४५ लिटरला मिळून ५,७०० रुपये वाचत होते.

पण अण्णांच्या गाडीचे ब्रेक कोरडे. डिस्क बाहेर, तेल आत, दोघांचं काही देणंघेणं नाही. माझ्या गाडीच्या ब्रेकच्या प्लेटा तेलातच बुडालेल्या आहेत. तेलात राहून घासायचं, तरी घसरायचं नाही आणि हिसकेही द्यायचे नाहीत, यासाठी त्या तेलात वेगळं रसायन घातलेलं असतं. साध्या ९० नंबरमध्ये ते नसतं. मग प्लेट धरते, सुटते, परत धरते, आणि कोकलते. ६८ नंबरचं हायड्रॉलिक ऑइल घातलं तर लिफ्ट चालेल, पण गिअरच्या दातांवर जो दाब येतो तो त्याला झेपायचा नाही. इंजिन ऑइल घालणारेही आमच्या भागात आहेत, त्यांना माझा नमस्कार.

गाडीसोबत मिळालेली पुस्तिका तीन वर्षांनी पहिल्यांदा उघडली. त्यात स्पष्ट लिहिलेलं: यूटीटीओ प्रकारचं (गिअर, लिफ्ट, ब्रेक तिघांना चालणारं) तेल, जेडीएम जे२०सी किंवा त्या तोडीचं. जे२०सी हे मूळ जॉन डिअर या ट्रॅक्टर कंपनीचं मानक. काही गाड्यांच्या पुस्तिकेत मॅसीचं एम११३५ असतं, काहींत फोर्डचं एम२सी१३४-डी. हा नंबर बादलीच्या मागे बारीक अक्षरात सापडला पाहिजे. माझ्या २,७०० च्या बादलीवर तो नव्हताच. फक्त ट्रॅक्टरचं चित्र होतं, तेही दुसऱ्याच रंगाचं.

हे फसणं आपल्याकडचंच नाही. जॉन डिअरचं पूर्वी ३०३ नावाचं तेल होतं, त्यात स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल असायचं. १९७० च्या दशकात ते मानक बंद झालं. पण ३०३ हा आकडा छापून स्वस्त बादल्या विकणं अमेरिकेत पुढं कित्येक वर्षं चाललं, शेवटी २०१७ मध्ये मिसूरी राज्याच्या कृषी खात्यानं विक्री थांबवली. तिथले शेतकरीही बादलीवरचं मोठं अक्षरच वाचत असणार.

तर वीस लिटरच्या दोन बादल्या, प्रत्येकी ५,२०० च्या, आणि पाच लिटरचा कॅन १,४५०. एकूण ११,८५०. वर फिल्टर. गावातला मिस्त्री म्हणाला, आतून डिझेलनं धुऊन काढू. मी नको म्हटलं. कोपऱ्यात राहिलेलं डिझेल नव्या तेलात मिसळून त्यालाच पातळ करणार. गाडी तासभर चालवून तेल गरम केलं, ड्रेन बोल्ट काढून रात्रभर ठेवली. तरी बाहेर आलं ३८ लिटरच. म्हणजे भरायला नवीनही ३८ च लागलं आणि सात लिटर घरात राहिलं. बाकीचं जुनं एक्सलच्या घरात बसून राहिलं, ते काही निघत नाही.

आता त्या तोटीबद्दल. पाच हजार दोनशेची बादली, आणि तिची ओढून वर काढायची प्लॅस्टिकची तोटी इतकी आखूड की भरायच्या भोकापर्यंत पोचतच नाही. बादली वाकवली की तेल गटगट करत उसळतं, अर्धं आत, उरलेलं कव्हरवरून ओघळत पायावर. पहिल्या बादलीला पाव लिटर तरी सांडलं, म्हणजे पासष्ट रुपये मातीत. दुसऱ्या वेळी पाण्याची बाटली कापून नरसाळं केलं. झाकणाच्या आत मात्र मिस्त्रीसाठी कूपन चिकटवलेलं, ते कसं व्यवस्थित! खरवडून काढायला नाणंसुद्धा लागलं नाही. मिस्त्रीला कूपन द्यायला कंपनीकडे पैसे आहेत, लांब तोटीला नाहीत. मी दुकानदाराला बोललो, तो म्हणाला सगळ्यांचीच अशी असते. मग सगळ्यांचीच वाईट आहे.

ब्रेक लगेच गप्प झाला नाही. पहिले दोन दिवस तसाच ओरडत होता, मी मनात दुकानदाराला आणि स्वतःला आळीपाळीनं शिव्या घालत होतो. वीसेक तासांनंतर सकाळचा पहिला ब्रेक तेवढा वाजायचा. साठ तासांनी तोही थांबला. प्लेटा त्याच आहेत. साडेसव्वीस हजार खिशात आहेत. घरात मात्र तक्रार आली की आता गाडी आल्याचं कळतच नाही.

दुसरा फरक डिसेंबरात दिसला. जुन्या तेलावर थंडीत गाडी चालू केली की पंप कुईकुई करायचा आणि लिफ्ट दोन मिनिटं विचार करून मग उठायची. आता लिव्हर ओढला की रोटर उचलतो.

इथपर्यंत मी पाचपैकी पाच देणार होतो. एप्रिलात मत फिरलं. रोटर उचलून ठेवला, जेवून आलो तर फाळ जमिनीला टेकलेले. दुपारच्या उन्हात तर डोळ्यांदेखत खाली यायचा. सरळ निष्कर्ष काढला: तेल पातळ आहे, बनावट आहे, ११,८५० पाण्यात. दुकानदाराला फोनवर बरंच बोललो.

दुसऱ्या दिवशी नीट मोजलं. रोटर पूर्ण वर घेतला, इंजिन बंद केलं, खालच्या लिंकच्या (अवजार धरणाऱ्या दांड्याच्या) उंचीवर गोठ्याच्या भिंतीला खडूनं रेघ मारली. अर्ध्या तासानं पट्टी लावली तर पाच इंच खाली. बाहेर कुठं थेंब नाही, तेल मोजायच्या गेजवर पातळी जागच्या जागी. म्हणजे तेल आतल्या आतच सुटत होतं. मिस्त्रीनं वरचं कव्हर काढलं तर लिफ्टच्या पिस्टनची ओ-रिंग (तेल अडवणारं रबरी कडं) एका बाजूला चपटी होऊन चिरलेली. घट्ट ९० नंबरनं ती चीर झाकून ठेवली होती, योग्य जाडीच्या तेलानं उघडी पाडली. रिंग १८० ची, मजुरी २,२०० ची. आता अर्ध्या तासात अंगठ्याच्या रुंदीएवढाच उतरतो. दुकानदाराला पुन्हा फोन केला. माफी मागितली नाही, पण तोटीचा विषयही काढला नाही. समजून घेतलं असेल.

महाग पडतं का? दोन तेलांतला फरक ५,७००, बदलायचं हजार तासांनी, म्हणजे तासाला पाच रुपये सत्तर पैसे. मी काटकसरी माणूस आहे, पण बांधावर उभं राहून हा हिशोब केला तेव्हा जरा लाजच वाटली.

एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. डम्पिंग ट्रॉलीचा जॅक ट्रॅक्टरच्याच तेलावर उठतो. चुलतभाऊ माझी ट्रॉली शेणखताला नेतो, त्याच्या गाडीतलं काळं तेल जॅकमध्ये आणि पाइपात राहतं, आणि पुढच्या वेळी मी पाइप जोडला की ते थेट माझ्या टाकीत. मे महिन्यात गेज काढलं तर मधासारखं तेल चहासारखं दिसायला लागलेलं. २,१४० ला बदलायचा फिल्टर मी आत्ताच बदलून टाकला. आता तो ट्रॉली मागायला आला की आधी त्याच्या गाडीचं गेज काढून बोटावर बघतो. नाराज आहे तो. परवा पाच लिटरचा न फोडलेला कॅन त्याला विकत देतो म्हटलं, १,४५० लाच, तर म्हणाला अण्णांना विचारून सांगतो.