'९० दिवसांत फरक, लेखी गॅरंटी': भावाच्या बिहेवियर थेरपीच्या नावाखाली आमचे १,३८,५०० गेले

खूप दिवस लिहू की नको करत होते. आई म्हणते कशाला घरातलं चव्हाट्यावर. पण परवा त्या थेरपी सेंटरवाल्या बाईंचीच जाहिरात परत माझ्या फोनवर आली, सेंटरचं नाव नवं, फोटो तोच, मग म्हटलं आता लिहायचंच. सेंटरचं नाव टाकत नाहीये, तक्रार चालू आहे आणि वकिलांनी बजावलंय.

माझा धाकटा भाऊ २७ वर्षांचा आहे. बौद्धिक अक्षमता आणि ऑटिझम, दोन्ही. भांडुपला चाळीत आईजवळ राहतो, मी लग्नानंतर ऐरोलीला. बोलतो पंधरा-वीस शब्द, मला 'ताय' म्हणतो. नळाला पाणी आलं की सगळ्यांची दारं वाजवत फिरणारा असा हा मुलगा, कधी मुंगी मारली नाही त्याने. तो मागच्या वर्षी जूनपासून स्वतःच्या गालावर थाडथाड मारून घ्यायला लागला, मनगट चावायचा, आई मध्ये पडली तर तिलाही बसायची. एकदा तिचा चष्मा फुटला. चाळीत दोघी-तिघींनी 'बाहेरचं काही असेल, एकदा दाखवून आणा' पण सांगून झालं.

आता ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांना माहितीये, लहान मूल असेल तर मुंबईत गल्लोगल्ली थेरपी सेंटर आहेत, पण वय अठराच्या पुढे गेलं की फोनवरच 'सॉरी मॅडम, आम्ही ॲडल्ट घेत नाही'. चार ठिकाणी हेच ऐकलं. आणि नेमकं तेव्हाच फेसबुकवर दिसलं, 'पॉझिटिव्ह बिहेवियर सपोर्ट, मुलं आणि मोठ्यांसाठी, ९० दिवसांत ८० टक्के फरक, लेखी गॅरंटी'. मोठ्यांसाठी हा एक शब्द वाचला आणि माझी अक्कल तिथेच गहाण पडली.

सेंटर मुलुंड पश्चिमेला, दुसऱ्या मजल्यावर, एसी, भिंतीवर सात-आठ फ्रेम केलेली सर्टिफिकेटं. मॅडम पांढऱ्या कोटात. आईला 'मम्मी' म्हणायच्या, 'मम्मी, तुम्ही आता टेन्शन सोडा, हा आमचा मुलगा'. आई रडायलाच लागली. असेसमेंटचे ६,५०० घेतले, पाऊण तास त्याला एका खोलीत ठेवलं, आम्हाला एक फॉर्म भरायला दिला आणि चार दिवसांनी चौदा पानांचा स्पायरल बाइंडिंगचा रिपोर्ट दिला. मी तो तेव्हा नीट वाचलाच नाही ही माझी चूक. नंतर वाचला तर नवव्या पानावर काय, 'तिला वर्गात बाकावर दहा मिनिटे बसण्याची सवय लावावी'. तिला! वर्गात! दाढी करणारा बाप्या आहे तो.

मग पॅकेज. ९० सेशन, १,३२,००० रुपये, 'नो कॉस्ट ईएमआय' महिना ११,०००. वर सांगितलं की निरामय कार्ड आहे ना, त्यातून सगळं परत मिळेल. निरामय ही सरकारी नॅशनल ट्रस्टची अपंगांसाठीची आरोग्य विमा योजना, वर्षाला मिळून १ लाखाचं कव्हर आणि त्यात थेरपीला वेगळी मर्यादा, म्हणजे १ लाख ३२ हजार परत मिळणं हिशोबातच बसत नाही, पण त्या खुर्चीत बसून कोण हिशोब करतं. रिसेप्शनवरच्या मुलीने माझा फोन हातात घेऊन फटाफट ओटीपी टाकले. मला वाटलं सेंटरलाच हप्ते भरायचेत. प्रत्यक्षात ते माझ्या नावावर एका फायनान्स कंपनीचं कर्ज होतं, त्या कंपनीने पूर्ण पैसे पहिल्याच दिवशी सेंटरला दिले, आणि सेंटर राहो की जावो मी बारा महिने बांधलेली. ही मेख कुठल्याही क्लासवाल्याच्या, थेरपीवाल्याच्या ईएमआयमध्ये असते, सही करायच्या आधी कर्ज कोणाच्या नावावर पडतंय ते विचारा.

सेशन सुरू झाले. आई त्याला लोकलच्या अपंगांच्या डब्यातून घेऊन जायची, आठवड्यातून चारदा. आत बसायला परवानगी नाही, 'पालक दिसले की नखरे वाढतात'. दर पंधरा दिवसांनी नवी थेरपिस्ट, वीस-एकवीस वर्षांच्या पोरी, बिचाऱ्यांना कोणी काही शिकवलेलं नसणार. व्हॉट्सॲपवर दहा-बारा सेकंदांचा व्हिडिओ यायचा, तो मणी ओवतोय, मागून टाळ्या. एक स्टार चार्ट दिलेला, मारलं नाही की स्टार, तीन स्टार झाले की क्रीमचं बिस्कीट. क्रीमच्या बिस्किटाचं लक्षात ठेवा, पुढे येणारे.

दोन महिने झाले तरी गालावर मारणं तसंच, उलट वाढलेलं. विचारलं की ठरलेलं उत्तर, 'सुधारायच्या आधी वाढतं मम्मी, हे नॉर्मल आहे'. आता मजा अशी की हे पूर्ण खोटंही नाही, एखादी सवय लक्ष न देता मोडायला घेतली की सुरुवातीला जोर वाढतो कधीकधी. अर्धं खरं सांगितलं की माणूस गप्प बसतो, तसे आम्ही बसलो.

ऑक्टोबरमध्ये एक दिवस मी ऑफिसमधून लवकर सुटले आणि आईला न सांगता थेट तिकडे गेले. रिसेप्शनवर कोणी नव्हतं, दार लोटलं. तो प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला आणि दोन्ही मनगटं खुर्चीच्या हाताला ओढणीने बांधलेली. पिवळी ओढणी, बांधणीची. समोरची पोरगी फोनमध्ये. मला बघून तो ओरडला नाही की काही नाही, फक्त 'ताय, घर' म्हणाला. मॅडम आल्या आणि मला म्हणतात हा प्रोटोकॉल आहे.

मी नंतर झपाटल्यासारखं वाचलं या विषयावर. ही पॉझिटिव्ह बिहेवियर सपोर्ट पद्धत अमेरिकेत ऐंशीच्या दशकात पुढे आलीच मुळी अपंग माणसांना बांधून, शिक्षा करून 'सरळ' करायच्या प्रकारांना विरोध म्हणून. तिच्या बोर्डाखाली ओढणीने बांधत होते. तिचं पहिलं काम म्हणजे हा असं का करतो ते शोधणं, काही टाळायचंय का, कोणाचं लक्ष हवंय, एखादी वस्तू हवीये, की अंगात काही होतंय. आणि मग तेच काम भागेल असा दुसरा साधा मार्ग त्याला शिकवणं. १९८५ मध्ये कॅर आणि ड्युरँड यांनी मुलांना त्रागा करण्याऐवजी मदत मागायला किंवा लक्ष वेधून घ्यायला शब्द शिकवले आणि त्रागा कमी झाला, तेव्हापासून हे माहितीये. आमच्या चौदा पानांत 'का' हा प्रश्न एकदाही नव्हता.

'का' शोधलं ते भावाच्या जुन्या कार्यशाळेतल्या निवृत्त बाईंनी, फुकट. त्यांनी आईला एवढंच सांगितलं, प्रत्येक वेळी तीन गोष्टी लिहा, आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर तुम्ही काय केलंत. आईने दुधाच्या हिशोबाच्या वहीत लिहिलं. दहा दिवसांनी बाईंनी वही बघितली आणि विचारलं, हा जेवल्यावरच का मारतो, आणि डाव्याच गालावर का? आईच्या अक्षरात ओळ होती, 'गार पाणी प्याला, मग मारलं'. नायर डेंटलला नेलं. खालची डावी दाढ आतून पूर्ण किडलेली. इतके महिने पोराची दाढ ठणकत होती आणि आम्ही दीड लाखाच्या आसपास मोजून त्याला क्रीमची बिस्किटं भरवत होतो.

दाढ काढल्यावर मारणं बरंचसं थांबलं. सगळं नाही, कशाची वाट बघत बसावं लागलं की अजून हात चावतो, त्यासाठी बाईंनी 'बस', म्हणजे 'पुरे', ची खूण शिकवली, ती आता वापरतो, कधी वापरत नाही. गॅरंटी कसली देणार यात.

पैशाचं सांगते. रिफंड मागितला तर पावती दाखवली, त्यावर बारीक अक्षरात 'नॉन रिफंडेबल' आणि पावतीवरचं नाव बोर्डवरच्या नावापेक्षा वेगळं. डिसेंबरमध्ये शटर बंद. पोलिसांनी नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, घेतली. मग मी भिंतीवरच्या सर्टिफिकेटांचे फोटो काढलेले ते तपासत बसले. अशा थेरपिस्टांची नोंदणी करणाऱ्या सरकारी रिहॅबिलिटेशन कौन्सिलच्या म्हणजे आरसीआयच्या साइटवर सीआरआर नंबर, म्हणजे नोंदणी नंबर, टाकला की नाव दिसतं, मॅडमचा नंबर दुसऱ्याच राज्यातल्या दुसऱ्याच माणसाचा निघाला. ही गोष्ट दोन मिनिटांची होती, मी ती सहा महिन्यांनी केली. दुसऱ्या फ्रेममध्ये 'इंटरनॅशनल बोर्ड सर्टिफाइड २०२४' होतं, आणि ते ज्या अमेरिकन बोर्डाचं म्हणून लावलं होतं तो बोर्ड २०२३ पासून भारतातून नवीन अर्जच घेत नाही. नोंदणी नसताना हे काम केलं तर आरसीआय कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हजार रुपये! आमचा एक सेशन त्याच्यापेक्षा महाग होता.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, त्यांनी कंपनीला पाठवली, काही झालं नाही. मग वांद्र्याला उपनगर जिल्हा ग्राहक आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी शून्य आहे, घटनेपासून दोन वर्षांच्या आत करायची. फायनान्स कंपनीलाही पार्टी केलंय. पण तोपर्यंत हप्ते थांबवले तर सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीचा रेकॉर्ड, माझा खराब होणार म्हणून भरतेय, अजून दोन राहिलेत, दर ५ तारखेला मेसेज येतो.

मागच्या वर्षी मुलुंडला त्या दुसऱ्या मजल्यावर कोणाचं मूल जात असेल तर पावती, व्हॉट्सॲपवरचे ते व्हिडिओ आणि तो चौदा पानी रिपोर्ट फेकू नका, मला मेसेज करा. खास करून कोणाच्या तरी रिपोर्टात नवव्या पानावर माझ्या भावाची माहिती आली असेल तर.